विळा, ब्लेड आणि सुईण: करमाळ्याच्या शेजारी घडलेला इतिहास

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी भाषा तीच ठेवली आहे.

आज सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. तुमच्या आजीचा जन्म कुठे झाला? करमाळा, माढा, परांडा, कर्जत या पट्ट्यात हा प्रश्न विचारलात तर बहुतेक घरांत उत्तर येईल, "घरीच की." मग पुढचा प्रश्न विचारा, बाळंतपण कुणी केलं? आता एका बाईचं नाव येईल. अमक्याची आई, तमक्या वस्तीवरची म्हातारी. म्हणजे गावची सुईण.

आम्ही करमाळ्याचा इतिहास सांगतो तेव्हा कमलाभवानीचं देऊळ सांगतो. ते रावरंभा निंबाळकरांनी बांधलं, शहाण्णव खांब, शहाण्णव पायऱ्यांची बारव, सगळं तोंडपाठ असतं. पण या तालुक्यातली माणसं जिनं जन्माला घातली, तिचं नाव कुठल्याच दगडावर नाही. तिचं आणि डॉक्टरांचं नातं कसं होतं, ते कधी जुळलं, कधी तुटलं, हा आजचा विषय आहे. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग आपल्या अगदी शेजारी, जामखेडला झाला. त्याचा अभ्यास जगानं केला, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना तो माहीतच नाही.

सोयर, विळा आणि सटवाई

आधी सुईण म्हणजे कोण ते बघू. पुष्कळ गावांत हे काम मातंग, महार, न्हावी अशा समाजांतल्या बायकांकडे असायचं. कारण सरळ आहे. बाळंतपण म्हणजे सोयर, म्हणजे विटाळ. रक्त, वार, नाळ यांना हात लावायचं काम ज्यांना समाजानं आधीच खाली ढकललं होतं, त्यांच्याच वाट्याला आलं. ज्या घरात एरवी तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्याच घरात त्या रात्री तिच्याशिवाय पान हलत नसे. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य, लुगडं, खण-नारळ. कधी नुसतंच "देतो नंतर."

तिला काय यायचं? पुष्कळ काही. पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे की सरळ, ते कळायचं. बाईला उकिडवं बसवून, मागून आधार देऊन कळा द्यायला लावायची. वार पडेपर्यंत नाळ कापायची घाई नसायची. नंतर तेलाची मालिश, शेक, शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी, बाळंतकाढा. आणि यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ती तिथे असायची. रात्री दोनला, पावसात, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर.

पण तिच्या हातून मुलं जायचीही. आपण इतिहास बोलतोय, भाबडेपणा नको. नाळ कापायला घरातला विळा, नाहीतर धारदार दगड. कापलेल्या जागेवर राख, कधी शेण. पहिलं चिकाचं दूध खराब म्हणून पिळून टाकायचं. या विळ्यातून, मातीतून आणि शेणातून धनुर्वाताचे जंतू नाळेतून बाळाच्या अंगात जायचे. साधारण आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा घट्ट मिटायचा, अंग धनुष्यासारखं वाकायचं, आणि मग सगळं संपायचं.

आता आपल्याकडची पाचवी आठवा. पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि पेन ठेवायचं, कारण रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. माझ्या मते ही पूजा नेमकी याच दिवसांत का, यात आपल्या आज्यांचं निरीक्षण दडलंय. जगणार की जाणार हे पहिल्याच आठवड्यात ठरतं, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. कारण माहीत नव्हतं, म्हणून तिथे सटवाई होती.

आधी शिकवायला आले ते साहेब

सुईणीला शिकवायची कल्पना काही जामखेडची नाही. ती त्याच्याही बरीच आधीची आहे. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकारानं भारतातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधी उभा राहिला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या नावानं आणखी एक निधी सुरू केला, तो खास दाईंच्या प्रशिक्षणासाठी. हेतू वाईट नव्हता. पण त्या काळच्या लिखाणात दाई दिसते ती कशी? अडाणी, घाणेरडी, बायकांच्या मरणाला जबाबदार. तिला शिकवायचं म्हणजे धाकात ठेवायचं, आणि जमेल तेव्हा बाजूला करायचं. ज्या बाईला आयुष्यभर "घाण" म्हटलं, तिला नव्या साहेबानंही "घाण"च म्हटलं. मग ती मनापासून शिकेल कशाला?

याच काळातली एक वेगळी नोंद मला फार आवडते. १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक शिकायला गेलेली पहिली मराठी बाई तिथे आपल्याकडचं बाळंतपणाचं ज्ञान मांडत होती. तो ग्रंथांतला वारसा होता, सुईणीच्या हातातला नव्हे, हे खरं. पण दोन ज्ञानं एका टेबलावर ठेवता येतात, हे तिनं एकविसाव्या वर्षी ओळखलं होतं. दुसऱ्या वर्षी क्षयानं ती गेली.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी याचा तो आराखडा. शिकलेल्या परिचारिका पुरेशा नाहीत, तोवर दाईंना प्रशिक्षण देत राहा, असं त्यात होतं. "तोवर" हा शब्द लक्षात ठेवा. सुईण कायम तात्पुरतीच राहिली.

जामखेड, १९७०

आता आपल्या भागात येऊ. करमाळ्याच्या वरच्या अंगाला कर्जत-जामखेड. जिल्हा वेगळा, तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. पण माती तीच, ज्वारी तीच, पावसाची हुलकावणी तीच.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलेलं. तिथे त्यांना एक गोष्ट खुपली. बरं करून घरी पाठवलेला रुग्ण त्याच आजारानं पुन्हा येतो, कारण आजार घरात आहे, पाण्यात आहे, ताटात आहे. मग ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत आले. मुंबई-पुण्यात नाही, जामखेडला.

लगेच १९७२ चा दुष्काळ पडला. तुमच्या आजोबांना "मिलो" आणि "सुकडी" हे दोन शब्द नुसते म्हणून बघा, ते पुढचा तासभर बोलतील. लोकांना तेव्हा औषध नको होतं, अन्न आणि पाणी हवं होतं. आरोळ्यांनी तिथूनच सुरुवात केली. मुलांसाठी जेवण, गावासाठी बोअर. आणि हे बोअर दलित वस्तीत घेण्यावर त्यांचा भर राहिला. पाणी हवं असेल तर सगळ्यांनी तिथेच यायचं.

गावात आरोग्याचं काम करायला त्यांनी आधी शिकलेल्या नर्स नेमून पाहिल्या. जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी गावात एकटी कशी राहणार? लोकांना ती परकी वाटायची. तिनं सांगितलेलं सासू ऐकायची नाही. मग त्यांनी उलटं केलं. गावानंच एक बाई निवडायची. बहुतेक जणी निरक्षर, मध्यमवयीन, स्वतः बाळंतपणं आणि दुःखं सोसलेल्या, आणि त्यांत दलित समाजातल्या पुष्कळ. या झाल्या ग्राम आरोग्य सेविका. गावात आधीपासून बाळंतपणं करणाऱ्या सुईणींना हाकलायचं नाही, त्यांनाही सोबत घ्यायचं, असं धोरण ठरलं.

या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत बसायचं, हाच पहिला धडा होता. पाठ्यपुस्तक नाही. चित्रं, गप्पा, गाणी, आणि "गेल्या आठवड्यात तुझ्या गावात काय झालं?" हा प्रश्न.

धनुर्वाताचंच बघा. "विळा वापरू नको" हा हुकूम झाला. हुकूम पाठ फिरली की मोडतो. पण शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला एक गोष्ट आधीच माहीत असते. पायात खिळा घुसला, खुरपं लागलं, जखमेत माती गेली, की धनुर्वात होतो. कापलेली नाळ ही तशीच ओली जखम आहे, आणि तिच्यावर आपण शेण लावतोय. एवढं कळलं की नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा का, ते वेगळं सांगावं लागत नाही. गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस दिली की तिच्या रक्तातलं संरक्षण बाळापर्यंत पोचतं, हेही ती स्वतः पुढे चार घरांत समजावते. पुढे जगभर "पाच स्वच्छता" म्हणून शिकवलं गेलं ते हेच: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काहीही न लावणं.

आकडे बोलतात. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नसत. प्रशिक्षित हातांनी होणारी बाळंतपणं शंभरात एकसुद्धा नव्हती. १९९० च्या दशकात तो बालमृत्यूचा आकडा ३० च्या खाली आला, आणि जवळजवळ सगळी बाळंतपणं प्रशिक्षित हातांनी होऊ लागली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे जगभरचे देश जमले आणि "सर्वांसाठी आरोग्य" अशी घोषणा झाली. त्या जाहीरनाम्यात डॉक्टर, नर्स यांच्यासोबत गरजेनुसार पारंपरिक उपचारकांचाही उल्लेख आहे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा प्रसंग १९८८ चा. जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्य सेविका वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बघून त्यांनी सांगितलेल्याचा आशय असा: डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे. मी साधी पणती आहे. पण पणतीनं दुसरी पणती पेटवता येते. गावातून आलेली बाई जगातल्या तज्ज्ञांना हे ऐकवत होती. तिला नुसतं ब्लेड दिलं असतं तर हे वाक्य आलं नसतं.

मणी आणि वाळूचं घड्याळ

आता क्षणभर करमाळ्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, कारण जामखेडनं सोडवलेला प्रश्न तिथे एक पाऊल पुढे गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये "सर्च" ही संस्था सुरू केली. तिथे लहान मुलं न्यूमोनियानं जात होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्यापुढचं वर्षाच्या आतलं मूल पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईनं करायचं काय?

जुना साहेब म्हणाला असता, हिला येत नाही, सोडून द्या. इथे एक साधं यंत्र बनवलं गेलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया. औषध सुरू. म्हणजे दाई आता निरोप्या राहिली नाही. निदान ती करत होती आणि औषधही ती देत होती. गावातच न्यूमोनियावर उपचार केल्यानं बालमृत्यू कमी होतात, हे दाखवणारा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये "लॅन्सेट" या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला.

पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायचा प्रयोग झाला. त्यात शिकलेल्या आरोग्यदूत आणि गावच्या दाई दोघी होत्या. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी. आज आशाताई तुमच्या घरी येऊन बाळाचं वजन आणि तापमान बघतात, ती पद्धत २०११ मध्ये देशभर लागू झाली आणि तिचं मूळ इथे आहे.

मग सुईण गेली कुठे?

आता तुम्ही म्हणाल, एवढं चांगलं चाललं होतं तर थांबलं का?

याला एक खरं, वैद्यकीय कारण आहे. सुईणीला शिकवून बाळं वाचली. आया तितक्या वाचल्या नाहीत. कारण बाळंतपणात आई जाते ती अतिरक्तस्रावानं, झटक्यांनी, मूल अडल्यानं. तिथे रक्ताची पिशवी लागते, शस्त्रक्रिया लागते. कितीही हुशार सुईण असली तरी ती वस्तीवर सिझेरियन करू शकत नाही. म्हणून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं "कुशल प्रसूती सहायक" कोण याची व्याख्या केली, तेव्हा पारंपरिक दाई, शिकवलेली असली तरी, त्यातून वगळली. २००५ मध्ये आपल्याकडे जननी सुरक्षा योजना आणि आशा आल्या. दवाखान्यात बाळंत व्हा, पैसे मिळतील.

परिणाम मोठा झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ टक्के. २०१५ मध्ये नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटल्याचं जाहीर झालं. सटवाईच्या हातातली लेखणी लस, स्वच्छ ब्लेड आणि दवाखाना यांनी मिळून काढून घेतली. यावर हळहळ करायचं कारण नाही. करमाळ्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन लागतो. घरी बाळंत व्हा असं मी चुकूनही म्हणत नाहीये.

आणि प्रत्येक पारंपरिक उपचार जपण्यासारखा असतो असंही नाही. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडानं डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. तिथल्या भूमकांनी रुग्ण दवाखान्यात पाठवावेत म्हणून त्यांना मानधन देण्याचा प्रयत्न सरकारी यंत्रणेनं केलाय. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. आपल्या उसाच्या पट्ट्यात तर नक्कीच.

पण सुईण बाजूला झाली तेव्हा तिच्याबरोबर काय गेलं, ते बघा. नाळ कापायची घाई करू नका, एखादं मिनिट तरी थांबा, असं आता जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाईला हवी त्या स्थितीत, उकिडवं बसूनही, कळा देऊ द्या, हेही सांगते. बाळंतिणीजवळ तिच्या ओळखीचं माणूस असू द्या, म्हणून केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला परवानगी दिली. या तिन्ही गोष्टी सुईण करत होतीच. तिला कुणी विचारलं नाही. ज्ञान परदेशातून मार्गदर्शक सूचना होऊन परत आलं, तिचं नाव मात्र आलं नाही. आणि २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात साधारण चारातलं एक बाळंतपण सिझेरियननं झालेलं दिसलं. त्यातली किती खरंच गरजेची, हा प्रश्न विचारायला कळांच्या वेळी बाईच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी लागतं.

या सगळ्या इतिहासातून मला एवढंच दिसतं. डॉक्टर आणि गावची बाई यांचं जिथे जमलं, तिथे डॉक्टरनं वस्तूसोबत कारणही दिलं, आणि निर्णय घ्यायचा अधिकारही दिला. जिथे तिला फक्त पेशंट आणून देणारी म्हणून वापरलं, तिथे ते टिकलं नाही.

म्हणून आज आशाताईकडे बघा. ती गावातलीच आहे, लोक तिचं ऐकतात, रात्री फोन तिलाच जातो. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि त्यातलं काही कामागणिक. त्यासाठी तिला मुंबईत आझाद मैदानात बसावं लागतं. सुईणीला पायलीभर धान्य आणि "देतो नंतर" मिळायचं, त्यापेक्षा हे किती पुढचं आहे, ते तुम्हीच ठरवा. कोविडमध्ये घरोघर कोण फिरलं, ते आपण पाहिलंय.

एक काम सांगतो आणि थांबतो. तुमच्या मोबाईलमध्ये रेकॉर्डर आहे. गावात एखादी जुनी सुईण हयात असेल, किंवा तिच्या हाताखाली शिकलेली तिची सून असेल, तर तिची परवानगी घेऊन तिच्याशी बोला. मूल आडवं असलं तर कसं ओळखायची, कुठल्या वेळी "आता दवाखान्यात न्या" म्हणायची, मोबदला काय मिळाला, कुणी बुडवला. चांगलं-वाईट दोन्ही विचारा. आणि तिचं नाव, गाव नीट लिहून ठेवा.

पुन्हा भेटू पुढच्या भागात.